पाटीने अडवलेला समुद्र

दोन चित्रं डोळ्यांसमोर आणा. पहिल्यात समुद्राच्या तळाशी एक खोली आहे. खोलीला दार नाही, नुसती उघडी चौकट आहे, आणि त्या चौकटीत वर-खाली दोन लाकडी पाट्या लावलेल्या आहेत. पाट्यांच्या पलीकडे समुद्र उभा आहे, निळा, सरळ, सुरीने कापल्यासारखा. अलीकडे कोरडी फरशी. दुसऱ्या चित्रात लालभडक दगडांचा आणि लाव्ह्याच्या नद्यांचा प्रदेश आहे. त्यात मधोमध एक लहानसं, साध्या निळ्या पाण्याचं तळं आहे आणि काठावर कुणीतरी उभं आहे.

यातलं खोटं चित्र कोणतं?

माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांचं जग रचायचा संगणकावरचा खेळ कधीच न खेळलेला माणूस लगेच पहिल्या चित्राकडे बोट दाखवेल. लाकडाच्या पाटीने समुद्र कसा अडेल? तळं काय, कुठेही असू शकतं. खेळणारा मात्र पहिल्या चित्राकडे ढुंकूनही बघणार नाही, आणि दुसरं बघून खो खो हसेल. खेळाच्या नियमांनुसार पहिलं चित्र अगदी खरं आहे. वाहतं पाणी पाटीच्या जागेत शिरत नाही. पाण्याखाली घर बांधणाऱ्या कितीतरी लोकांनी वर्षानुवर्षं आपले दरवाजे असेच कोरडे राखले आहेत. दुसऱ्या चित्रातला लाल प्रदेश म्हणजे नेदर, खेळातलं आगीचं वेगळं जग. तिथे बादलीतलं पाणी ओतायला गेलं की ‘फुस्स’ असा आवाज होतो, वाफ उठते आणि बादली रिकामी होते. तळं तर सोडाच, पाण्याचा एक ठोकळाही तिथे टिकत नाही. काठावर उभ्या असलेल्या त्या माणसाने जे केलंय ते बादली घेऊन कुणालाच करता येत नाही, हे खेळणाऱ्याला आतून ठाऊक असतं. त्याचं हसू तिथूनच फुटतं.

अशा चित्रांना खेळाडू ‘कर्स्ड’, म्हणजे शापित, म्हणतात. गोल ठोकळे, वाकलेल्या शिड्या, अर्धाच दरवाजा, भिंतीत तिरका बसवलेला दगड. खाली बऱ्याचदा एकच ओळ असते: ‘थांबा, हे बेकायदेशीर आहे.’ मला ही मीम्स फार आवडतात, आणि त्यांच्याबद्दल सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. माणसं एखाद्या जगात किती मनापासून राहिली आहेत हे, त्या जगातल्या अशक्य गोष्टींना ती कशी हसतात त्यावरून जेवढं कळतं, तेवढं मला तरी दुसऱ्या कशावरून कळलेलं नाही.

मुळात हे जग आपल्या मापाने पाहिलं तर ठार वेडं आहे. एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशा ठोकळ्यांचं. त्यात गुरुत्वाकर्षण आहे, पण ते सगळ्यांना लागू नाही. वाळू पडते, खडी पडते, ऐरण पडते, सिमेंटची कोरडी पूड पडते. दगड पडत नाही. माती पडत नाही. झाडाचं खोड बुंध्यापासून तोडलं तरी वरचं झाड जागच्या जागी हवेत उभं राहतं, आणि खोडच नाहीसं झालं तर पानं मात्र एकेक करून गळून जातात. दोन बाय दोनच्या खड्ड्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या पाणी ओतलं की झाला अक्षय झरा. हव्या तितक्या बादल्या भरून न्या, पाणी कमी होत नाही. खेळाडूच्या अंगावर सामान ठेवायला ३६ कप्पे आहेत आणि एका कप्प्यात ६४ ठोकळे मावतात, म्हणजे २,३०४ घनमीटर. ते सगळे सोन्याचे असले तर वजन सुमारे ४४ हजार टन भरेल. ते खिशात घालून माणूस धावतो, उड्या मारतो, नदीत पोहतो. यातल्या कशावरच कुणी ‘बेकायदेशीर’ असं लिहीत नाही. हवेत लटकलेलं झाड हा इथला कायदा आहे, आणि गोल ठोकळा हा गुन्हा.

मला हे सगळं माझ्या भाच्यामुळे कळलं. तो एकदा एक चित्र बघून इतका हसला की त्याला बोलता येईना. मी शेजारी बसून तेच चित्र निरखत होते. काळ्या दगडांची एक चौकट जमिनीवर आडवी ठेवलेली, आणि तिच्यात जांभळा, हलता प्रकाश, एखाद्या हौदासारखा.

“मावशी, नीट बघ ना!”

“बघतेय की. छान आहे.”

“अगं, आडवं आहे ते!”

आडवं आहे, तर मग? त्याने समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला, कारण समजावलेल्या विनोदात काही राहत नाही हे त्यालाही कळत होतं. नंतर त्याच्याबरोबर मी खेळायला लागले. ऑब्सिडियन मिळवायचा म्हणजे लाव्ह्यावर पाणी सोडायचं, मग हिऱ्याच्या कुदळीने तो काळा दगड फोडायचा, आणि एकेक ठोकळा फोडायला लागणारा वेळ बघत उभं राहायचं. चार रुंद, पाच उंच अशी चौकट. कोपरे वगळले तर दहा ठोकळ्यांत भागतं. आत चकमकीने ठिणगी टाकली की जांभळा पडदा उभा राहतो. उभाच राहतो. नेदरचं पोर्टल, म्हणजे तिथे नेणारं हे दार, आडवं पेटत नाही, कितीही ठिणग्या टाका. हे स्वतःच्या हातांनी केल्यावर, काही महिन्यांनी ते जुनं चित्र पुन्हा समोर आलं, आणि मला हसू आवरेना. चित्र तेच होतं. मधल्या काळात माझ्यात एक कायदा रुजला होता.

हा कायदा कुणी लिहून दिलेला नसतो. मार्कुस पेर्सन याने २००९ च्या मे महिन्यात हा खेळ पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला, तेव्हा सोबत कुठलीही पुस्तिका नव्हती. कोणत्या वस्तूंपासून काय बनतं हे दाखवणारी पाककृतींसारखी वही खेळात आली ती १.१२ या आवृत्तीत, २०१७ मध्ये. त्याआधी तीन बाय तीनच्या चौकटीत काय कुठे ठेवलं की कुदळ तयार होते, हे एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पाटी पाणी अडवते हे असंच पसरलं. नेदरमध्ये पलंगावर झोपायला गेलं की स्फोट होतो, हे बहुतेकांना स्वतः उडाल्यावर कळलं. चित्र टांगून त्यामागे गुप्त वाट ठेवता येते, कारण चित्रातून माणूस आरपार जातो, हेही असंच. २०२३ च्या ऑक्टोबरात या खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचं जाहीर झालं. एवढी माणसं, एकमेकांची भाषा न येणारी, आणि तरी नेदरमधलं तळं पाहून एकाच क्षणी थबकणारी. मला यात खरोखर काहीतरी थोर वाटतं. तोंडी परंपरेने वाढलेली एवढी मोठी समजूत आपल्या डोळ्यांदेखत, पंधरा-सोळा वर्षांत उभी राहिली आहे, आणि या मीम्समध्ये तिची चाचणी रोज चालू असते.

सगळीच कर्स्ड चित्रं चांगली नसतात, हेही सांगायला हवं. काही जण एकाच चित्रात सूर्य गोल करतात, गाईला आठ पाय देतात, घर उलटं टांगतात, लाव्हा निळा रंगवतात. तिथे मला काहीच वाटत नाही. सगळंच मोडलं की मोडलेलं असं काही दिसत नाही. उत्तम चित्रात एकच गोष्ट चुकलेली असते, आणि बाकी सगळं कमालीचं नेमकं. साधं लाकडी घर, बाहेर गव्हाचं शेत, कुंपण, कुत्रा, संध्याकाळ. तुम्ही दोनदा बघता, काहीच सापडत नाही. तिसऱ्यांदा लक्षात येतं की कुंपणाचा एक खांब दोन ठोकळ्यांच्या बरोबर मधल्या रेषेवर उभा आहे. अर्धा इकडच्या चौकोनात, अर्धा तिकडच्या. पोटात खड्डा पडतो. तो खांब तिथे असूच शकत नाही, कारण या जगात ‘मधे’ अशी जागाच नाही. जागा आहेत त्या १, २, ३ अशा. दीड नाही.

गोल ठोकळ्याचं चित्र या सगळ्यांत मला सर्वांत हृद्य वाटतं, आणि त्याचं कारण बांधकाम करणाऱ्यांना चटकन कळेल. चौकोनांच्या जगात गोल काढणं ही इथली पहिली मोठी साधना असते. मनोरा गोल हवा, घुमट हवा, विहीर हवी. मग कागदावर चौकोन आखायचे. पाच व्यासाचं वर्तुळ म्हणजे ओळीने तीन, पाच, पाच, पाच, तीन. सातचं म्हणजे तीन, पाच, सात, सात, सात, पाच, तीन. विषम व्यास घेतला तर मध्यभागी एक ठोकळा येतो आणि तिथे दिवा ठेवता येतो. सम घेतला तर मध्य चार ठोकळ्यांच्या कोपऱ्यात जातो आणि दार मधोमध बसवायचं असेल तर ते दोन ठोकळ्यांचं करावं लागतं. व्यास जितका वाढेल तितकं वर्तुळ खरं वाटू लागतं. छोट्या वर्तुळात पायऱ्या दिसतात, पन्नासच्या पुढे डोळा फसू लागतो. घुमटासाठी तर अशी वर्तुळं एकावर एक, प्रत्येक थराला वेगळ्या व्यासाची. किती संध्याकाळी त्यात जातात. आणि मग कुणीतरी एक चित्र पाठवतं. हिरव्या गवताचा, खालून मातीचा, नेहमीच्याच १६ बाय १६ पिक्सेलच्या नक्षीचा एक ठोकळा, चेंडूसारखा गुळगुळीत गोल. शेजारचे सगळे चौकोनी. ज्याने कागदावर ‘तीन, पाच, सात’ लिहीत रात्री काढल्या आहेत त्याच्या मनात ते बघून काय कालवाकालव होते, ते मी शब्दांत पकडू शकणार नाही. हसू तर येतंच. पण त्यात हेवा असतो, ओढ असते, आणि ‘असं असतं तर’ असंही काहीतरी.

असे ठोकळे दिसायला तरी आणता येतात. खेळाचं रूप बदलणाऱ्या रिसोर्स पॅकमध्ये ठोकळ्याचा आकार स्वतः लिहिता येतो. पण तो आकारही घडवायचा चौकोनी तुकड्यांतूनच, आणि ते तुकडे फिरवायचे तर बराच काळ फक्त साडेबावीस अंशांच्या टप्प्यांनीच फिरत. म्हणजे गोल ठोकळ्याच्या पोटातसुद्धा चौकोनच. चिझल्स अँड बिट्स नावाच्या मॉडमध्ये, म्हणजे खेळाडूंनीच खेळाला जोडलेल्या भरीत, एका ठोकळ्याचे १६ × १६ × १६, म्हणजे ४,०९६ कण करून छिन्नीने कोरता येतात. तिथे घडवलेला गोल खूपच गोल दिसतो. जवळ गेलं की पुन्हा तेच तीन, पाच, सात.

अशक्य बांधकामांची चित्रं काही या खेळाने जन्माला घातलेली नाहीत. १९३४ मध्ये स्टॉकहोममध्ये ऑस्कर रॉयटर्सवेर्ड नावाचा अठरा वर्षांचा मुलगा शाळेत लॅटिनच्या तासाला वहीत काहीबाही काढत बसला होता. त्याने एका ताऱ्याभोवती घनाकृती ठोकळे काढायला सुरुवात केली. नऊ ठोकळे झाले, त्यांचा त्रिकोण झाला, आणि पाहिलं तर तो त्रिकोण जगात असू शकत नव्हता. प्रत्येक ठोकळा शेजारच्याशी नीट जुळत होता, सगळे मिळून मात्र जुळत नव्हते. पुढे आयुष्यभर तो अशाच आकृत्या काढत राहिला, आणि १९८२ मध्ये स्वीडनने त्याच्या आकृत्या टपाल तिकिटांवर छापल्या. लायोनेल आणि रॉजर पेनरोज या बापलेकांनी असाच त्रिकोण स्वतंत्रपणे शोधून १९५८ मध्ये एका मानसशास्त्राच्या नियतकालिकात मांडला. माइनक्राफ्ट बनवणारी मोजँग ही कंपनीही स्टॉकहोमचीच. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करायचं नाही. पण ठोकळ्यांतून अशक्य उभं करण्याची ती हौस आणि हा खेळ एकाच शहरातले आहेत, हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता.

भाच्याने आणि मी तो त्रिकोण खेळात बांधला. क्रिएटिव्ह मोडमध्ये, म्हणजे ठोकळ्यांची कमतरता नाही आणि उडता येतं. खरा त्रिकोण बंद होत नाही. एक बाहू वर जातो, एक मागे जातो, आणि त्यांची टोकं एकमेकांपासून लांबच राहतात. पण एका विशिष्ट जागेवरून पाहिलं तर जवळचं टोक लांबच्या टोकावर बरोबर झाकलं जातं. अडचण अशी की जवळचे ठोकळे मोठे दिसतात आणि लांबचे लहान, त्यामुळे सांधा उघडा पडतो. खेळात दृष्टीचा आवाका ३० अंशांपासून ११० पर्यंत बदलता येतो. तो ३० वर आणायचा आणि खूप लांब जाऊन बघायचं, म्हणजे जवळ-लांबचा फरक पुसट होतो. आम्ही मागे मागे सरकत राहिलो, एकेक ठोकळा डावीकडे, मग परत उजवीकडे, आणि एका जागी तो त्रिकोण खटकन बंद झाला. भाचा ओरडला. मग त्याने एक पाऊल बाजूला टाकलं आणि तो उघडला. पुन्हा जागेवर, पुन्हा बंद. असं तो कितीतरी वेळ करत होता. स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवला तेव्हा सगळ्यांनी तो संगणकावर बनवलेला मानला, आणि ही त्याच्यासाठी सर्वांत मोठी शाबासकी होती.

एशर या डच चित्रकाराचं १९६१ चं ते धबधब्याचं चित्र आठवा. पाणी पाटातून वळणं घेत लांब जातं आणि तरीही वरून खाली कोसळतं, चाक फिरवतं, आणि पुन्हा त्याच पाटाने निघतं. त्या चित्रात दोन अशक्य गोष्टी आहेत. एक भूमितीची, दुसरी कधीही न आटणाऱ्या, स्वतःच स्वतःला पुरणाऱ्या पाण्याची. माइनक्राफ्टच्या माणसाला यातली दुसरी दिसणारच नाही. डोंगरमाथ्यावर एक बादली ओतली की तिथून पाणी जन्मभर पडत राहतं, खाली कुठे साठून पूर येत नाही, वर कधी संपत नाही. सपाटीवर सात ठोकळे पसरतं आणि थांबतं. एशरने बुद्धी पणाला लावून जे रंगवलं त्यातला अर्धा भाग इथे रोजचा आहे.

आणि ही हद्द जागच्या जागीही राहत नाही. २०१८ च्या जुलैपर्यंत पाणी आणि पायरी एका ठोकळ्यात नांदू शकत नव्हती. तळ्यात जिना बांधला की प्रत्येक पायरीभोवती पाण्यात चौकोनी हवेची खोबण पडायची. कुंपणाच्या खांबाभोवतीही तेच. बुडलेलं जहाज बांधणारे लोक या खोबण्यांनी हैराण असत. त्या काळात कुणी पाण्यात नीट भिजलेली पायरी दाखवली असती तर पाहणाऱ्याने लगेच ‘बेकायदेशीर’ म्हटलं असतं. मग १.१३ ही आवृत्ती आली आणि पायऱ्या, पाट्या, कुंपणं भिजू लागली. आज नव्याने खेळणाऱ्या मुलाला ते जुनं, हवेची खोबण पडलेलं तळं दाखवलं तर तेच त्याला अशक्य वाटतं. त्याच आवृत्तीत डीबग स्टिक नावाची एक काठी आली. ती साध्या खेळात मिळत नाही, टंकलेली आज्ञा देऊन मिळवता येते, आणि तिने ठोकळ्याच्या आतल्या अवस्था बदलता येतात. कुणालाच न जोडलेलं पण जोडल्यासारखं हात पसरलेलं कुंपण, तळाशिवायचा वरचा अर्धा दरवाजा. २०२३ मध्ये १.१९.४ आवृत्तीने ठोकळा हवा तसा वळवून, हवा तेवढा ताणून नुसता दाखवता येईल अशी सोय दिली. म्हणजे तिरका दगड आता एका आज्ञेवर आला. नेदरमधलं तळंसुद्धा आज्ञा देऊन भरता येतं. बादलीला जे जमत नाही ते टंकलेल्या ओळीला जमतं. गंमत अशी की आज्ञेशिवायही नेदरमध्ये पाणी ठेवायची एक जागा आधीपासून आहे: लोखंडी कढई. तिच्यात ओतलेलं पाणी वाफ होत नाही. ज्याने हे पहिल्यांदा करून पाहिलं त्याला केवढा हर्ष झाला असेल!

खेळ बनवणारेही या हसण्यात सामील असतात. २०२० च्या एक एप्रिलला त्यांनी एक आवृत्ती काढली, तिच्यात पोर्टलमध्ये पुस्तक फेकलं की पुस्तकातल्या मजकुरावरून एक नवंच, चित्रविचित्र जग तयार व्हायचं. पण मला त्यांच्या ठरवून केलेल्या थट्टेपेक्षा नकळत घडलेली अशक्यं जास्त प्रिय आहेत. क्रीपर हा हिरवा, चार पायांचा, जवळ येऊन फुटणारा प्राणी आज या खेळाचा चेहरा आहे. तो मुळात डुक्कर व्हायचा होता. पेर्सनने डुकराची लांबी आणि उंची लिहिताना अदलाबदल केली आणि उभं, हात नसलेलं काहीतरी समोर आलं. आज कुणी तसं चित्र पाठवलं तर आपण कर्स्ड म्हणून हसून पुढे गेलो असतो.

आणि सुदूर प्रदेश, फार लँड्स. जुन्या आवृत्त्यांत जगाच्या मध्यापासून १,२५,५०,८२१ ठोकळे चालत गेलं की जमीन अचानक भिंत होऊन उभी राहायची. आकाशाला भिडलेली, बोगद्यांनी पोखरलेली, एकाच आकाराची लांबच लांब पुनरावृत्ती. जमीन घडवणाऱ्या गणितातली संख्या तिथे ३२ बिटांच्या पूर्णांकात मावेनाशी व्हायची, आणि डोंगर-दऱ्यांचा हिशोब ताणला जाऊन गोठायचा. कुणीही न बांधलेलं ते अशक्य बांधकाम, कुणीही न जाणाऱ्या जागी उभं. २०११ च्या सप्टेंबरात बीटा १.८ आलं आणि ते नाहीसं झालं. त्याआधी मार्चमध्येच कर्ट जे. मॅक नावाचा एक खेळाडू जुनी आवृत्ती घेऊन तिकडे पायी निघाला होता, आणि खेळ बदलला तरी तो जुन्या जगातच चालत राहिला, वाटेत मुलांसाठी धर्मादाय निधी गोळा करत. मी त्याचं चालणं पाहिलंय. तासन्‌तास काही घडत नाही. टेकडी, नदी, रात्र, मातीत खोदलेलं बीळ, सकाळ. जे पाहायचं ते न चालताही पाहता आलं असतं. तो चालतो.

म्हणूनच संगणकावर रंगवलेलं अशक्य आणि खेळात उभं केलेलं अशक्य यांत मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. रंगवलेल्याला मी हसते. उभं केलेलं पाहिलं की खुर्चीत सरळ होऊन बसते. रेडस्टोनची तार घ्या, म्हणजे या खेळातली विजेची तार. तिच्यातून जाणारा संकेत पंधरा ठोकळ्यांत विरून जातो, पुढे न्यायचा तर मध्ये रिपीटर, म्हणजे संकेताला पुन्हा जोर देणारा ठोकळा, लावावा लागतो आणि प्रत्येक रिपीटर किमान एक दशांश सेकंद खातो. अशा मंद, गळक्या तारांतून सॅमयुरी या टोपणनावाच्या बांधकामकाराने प्रोसेसर, स्मृती आणि पडदा उभा केला, आणि २०२२ मध्ये त्यावर माइनक्राफ्टचीच एक छोटी प्रतिकृती चालवून दाखवली. माइनक्राफ्टच्या आत माइनक्राफ्ट. हे वाक्य काही वर्षांपूर्वी मीमच होतं.

एक साधी इच्छा मात्र अजून पुरी झालेली नाही. स्लॅब, म्हणजे अर्ध्या उंचीचा ठोकळा, खाली बसतो, वर बसतो, पण उभा बसत नाही. अर्ध्या जाडीची भिंत बांधायची सोय नाही. खेळाडू कित्येक वर्षं उभा स्लॅब मागतायत, त्याची खोटी चित्रं बनवून एकमेकांना पाठवतायत, आणि मोजँगने तो दिलेला नाही. मर्यादेतच कल्पकता फुलते असं या नकाराचं समर्थन करतात. माझं मतही तिकडेच झुकतं. भाच्याला ते अजिबात मान्य नाही.

“तुला भिंत बांधायची नसते, मावशी. तू नुसती बघतेस.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून तो एका घराच्या आतल्या भिंतीवर काम करतोय. ट्रॅपडोअर, म्हणजे जमिनीतली झडप, उघडून उभा केला की त्याची जाडी भरते एका ठोकळ्याच्या सोळा भागांतले तीन. शेजारच्या दोन चौकोनांत दोन ट्रॅपडोअर पाठीला पाठ लावून उभे केले की झाले सहा. त्याला आठ हवेत. काचेची पट्टी बरोबर दोन भागांची असते, पण ती चौकोनाच्या मध्यात उभी राहते, कडेला येत नाही. काल त्याने पाटीचा विचार सुरू केलाय.